भीमाशंकरची दाद

तामलवाडीच्या जत्रेत, मांडवात, बायकांच्या बाजूच्या सतरंजीवर बसलेली असताना महेश्वरीला तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला. मारलं की रे. घशाच्या तळातून आलेला, शेवटचा 'रे' हवेत सोडून दिलेला. तिची मान आपोआप उजवीकडं वळली, स्टेजच्या कडेला, पेटीच्या पायाशी, जिथं भीमाशंकर मांडी घालून बसायचा. तिथं एक काळा स्पीकर होता. स्पीकरवर पाण्याची अर्धी बाटली होती आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला बाटलीतलं पाणी थरथरत होतं. भीमाशंकर मेलेला होता. हे तिला मान वळवतानाही माहीत होतं. तेवढ्यात वर स्टेजवर गायक गौरीशंकरनं तोंड उघडलं, उजवा हात पेटीवरून उचलून आभाळाकडं नेला आणि 'माये' म्हणून हाक मारली, जी हाक ऐकायला लोक शेजारच्या तालुक्यांतून टेम्पो करून येतात. शिट्ट्या पडल्या. शेजारच्या बाईनं पोराच्या हातातलं चिखल झालेलं बिस्कीट काढून दुसरं दिलं. कुणीच दचकलं नव्हतं. दचकण्यासारखं काय होतं? गाण्यात कुणीतरी ओरडतंच.

नाही. पुन्हा. सुरुवातीपासून.

गौरीशंकर पेटीवर डोकं टेकून, ओठ मिटून गुणगुणत होता. गुणगुण खाली आली, तळाला जाऊन किंचित फुटली आणि थांबली. मग नुसती पेटी. तोच तुकडा, गोल गोल, विहिरीवर रहाट फिरावा तसा. मग आवाज. मग हाक. दोन्हींच्या मध्ये एका श्वासाएवढंच अंतर होतं. आणि श्वास, हां, इथं ती अडकली. महेश्वरी उमरग्यात हायवेला लागून असलेल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर माणसं तिच्यासमोर हनुवटी वर करून, छाती प्लेटला लावून उभी राहतात आणि ती काचेमागून सांगते, श्वास घ्या. रोखा. सोडा. सगळ्यांच्या बरगड्या सारख्याच उचलल्या जातात, ड्रायव्हरच्या आणि सरपंचाच्याही. गळ्याखालची खाच खोल होते, खांदे मागं जातात. 'माये'सारखी हाक मारायला केवढा श्वास लागेल. गौरीशंकरच्या सिल्कच्या झब्ब्यावरची एक सुरकुती हलली नव्हती. पेटीवर शाल पांघरली होती आणि शालीखाली भाता चालत होता का नव्हता ते दिसत नव्हतं. तोंड मात्र उघडं होतं, मोठं, लालभडक, आत जिभेपर्यंत दिसणारं.

तिनं पदर तोंडावर घेतला. बायकांना वाटलं, भजनानं भरून आलं. एकीनं पाठीवरून हात फिरवला.

म्हणजे ते गाणं तिथं गायलं जात नव्हतं. ते येरमाळ्याचं होतं, येडेश्वरीच्या चैत्रातल्या यात्रेतलं, साथ यायच्या आदल्या वर्षीचं. त्या संध्याकाळी, यात्रेच्या रिवाजाप्रमाणं, देवीसाठी चुनखडीचे खडे वेचून आलेल्या लोकांचे पाय अजून पांढरे होते आणि भीमाशंकर पेटीच्या इतका जवळ बसला होता की गायकाच्या माइकानं त्याला गायकाबरोबरच उचललं. तेच पेनड्राइव्हवर राहिलं. गायकाला गाळून नवरा ठेवता येत नाही, नवऱ्याला गाळून गायक ठेवता येत नाही, दोघं एकाच तारेतून गेलेले. परतीच्या एसटीत खिडकीच्या दांड्याला डोकं लावून ती हा विचार शांतपणे करत होती.

भीमाशंकरचं टायरचं दुकान होतं. हैदराबादकडं जाणारे ट्रक त्याच्या दारात थांबत आणि तो ड्रायव्हरांना विचारी की वाटेत कुठं मांडव दिसला का, कुठं स्पीकर ऐकू आला का. कळलं की शटर अर्धं खाली. उरुसातली कव्वाली असो, लग्नातली बँजो पार्टी असो, मठातलं कानडी भजन असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, समोर माणूस गात पाहिजे एवढीच अट. मोबाईलवर तो गाणं ऐकत नसे. फोटोतली भाकर खाऊन कुणाचं पोट भरलंय का, म्हणायचा. महेश्वरी मागं बसायची, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात डबा. लग्नानंतर पहिल्यांदा तो तिला कुठं घेऊन गेला असेल तर मुरूमला, गौरीशंकरच्या कार्यक्रमाला. नवी नवरी, हिरव्या बांगड्या, आणि तो तिला बायकांत बसवून सरळ पुढं निघून गेला, पेटीच्या पायाशी. तिला राग आला होता. मग गौरीशंकरनं गुणगुणायला घेतलं आणि राग कुठं गेला ते तिला आजवर सापडलेलं नाही.

त्या दिवशी परत येताना पहिलं भांडण झालं. तसं भांडण नव्हेच. तो म्हणाला, हाकेची जागा बघितलीस का, काळीज काढून घेतलं. ती म्हणाली, मला हाकेआधीच झालं होतं. कुठं? गुणगुण खाली येऊन फुटते ना, तिथं. तो हसला. तिथं तर काय न्हायच, म्हणाला, तिथं माणूस दम खातोय. मग पुढं वर्षानुवर्षं, जळकोट असो की नळदुर्ग, परतीच्या वाटेवर तेच. त्याची जागा हाकेची होती. खरं तर हाकेच्याही आधीची. पेटी गोल फिरत असताना आता हाक येणार हे त्याला कसं कळायचं कुणास ठाऊक. गौरीशंकर पेटीचे फेरे रोज वेगळे घ्यायचा, कधी थोडे, कधी लोक कंटाळेपर्यंत, त्यालाही आधी माहीत नसायचं. आणि भीमाशंकर नेमका एक श्वास आधी ओरडायचा. मारलं की रे. मार बसायच्या आधी. गौरीशंकर चारचौघांत सांगायचा, हा गडी माझ्याआधी मला ऐकतो. आणि तिची जागा ती फुटलेली. काचेला तडा जावा पण काच पडू नये, तेवढी. तिथं तिच्या पोटात काहीतरी खाली जाई आणि ओठ उघडत. आवाज येत नसे. बायका दाद देत नाहीत. बायका पदर सावरतात, मान हलवतात, फार तर डोळे पुसतात.

"मग वरड की तिथं," तो गाडी चालवताना मान न वळवता म्हणायचा. "कुणी धरलंय तुझं तोंड?"

"बायकांत बसून?"

"वरड. एकदा वरड. बघू तरी तुझी जागा खरी का माझी."

ती त्याच्या खांद्यावरचा हात किंचित दाबायची. ते उत्तर.

मग साथ आली. मांडव बंद, जत्रा बंद, उरुस बंद. दवाखान्यात मात्र रांग. तिनं त्या दिवसांत इतक्या छात्या बघितल्या की स्वप्नातही तिला पांढऱ्या बरगड्यांच्या मागं कापूस दिसायचा. एक दिवस त्या रांगेत तो होता. तिनं काचेमागून सांगितलं, श्वास घ्या. नवऱ्याला 'घ्या' म्हणाली, कारण बाहेर डॉक्टर उभे होते. रोखा. तो खोकला. पुन्हा. रोखा. पुन्हा खोकला. "रोखता आला असता तर म्याच गायक झालो असतो की," तो म्हणाला, प्लेटला छाती लावून, पाठमोरा. त्याच्या फुप्फुसांची फिल्म तिनं स्वतः पाहिली. पाहिली आणि बाजूला ठेवून पुढच्याला आत बोलावलं. त्याच आठवड्यात गौरीशंकरही सोलापुरात ॲडमिट असल्याचं कळलं होतं, घशात नळी घातली म्हणून. तो वाचला. त्या वेळी महेश्वरीच्या मनात एक वाक्य येऊन गेलं होतं. ते ती पूर्ण करत नाही. दोघांतला एकच जर

नाही.

तामलवाडीनंतर ती प्रत्येक कार्यक्रमाला जाऊ लागली. मुरूम, नळदुर्ग, पुन्हा जळकोट. दवाखान्यात रजा मागताना सांगायची, नात्यात कार्य आहे. मांडवात बायकांच्या बाजूला बसायची, पण आता तिला गाणं ऐकू येत नव्हतं, म्हणजे सगळं गाणं एका आवाजाकडं जाणारा रस्ता झालं होतं. गवळण होऊन जाई, कानडी भजन होऊन जाई, विनोद होऊन जात. मग दिवे मंद होत, गौरीशंकर पेटीवर डोकं टेकी. गुणगुण सुरू होई. पेटीचे फेरे ती मोजत नसे, मोजले तर संपतील असं वाटे. मग तो यायचा. मोठ्या स्पीकरमधून, सगळ्या मांडवावरून, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, भेळवाल्यांच्या डोक्यावरून. एवढा मोठा तो जिवंतपणी कधी नव्हता. तेवढ्यापुरता तिचा संसार चालू व्हायचा आणि 'माये' आली की बंद. नंतर ती बाकीचं गाणं सोडून उठायची. मागच्या बाया पुटपुटायच्या, चांगलं गाणं सोडून चालली बघा. ती मनात म्हणायची, गाणं कुठाय? कुणाचं? मग स्टँडवर बसून स्वतःलाच विचारायची की आपण काय झालोय. फोटोतली भाकर खायला एसटीनं जाणारी बाई. तो असता तर हसला असता. नाही, हसला नसता. मांडवातून उठून गेला असता. समोर माणूस गात पाहिजे ही त्याची एकच अट होती आणि आता तोच त्या खोटेपणातला सगळ्यांत मोठा आवाज होता. हे तिला टोचायचं. टोचत असतानाच ती पुढच्या कार्यक्रमाची तारीख विचारायची.

एक दिवस दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. रिसेप्शनवरची मुलगी, प्रतीक्षा, मोबाईल बघून हसत होती, इतकी की तिला ठसका लागला. "मॅडम, हे बघा ना, लई भारी ए," म्हणाली. कुणीतरी दोन गावांचे व्हिडिओ शेजारीशेजारी लावले होते. दोन्हींत गौरीशंकर, एकात निळा झब्बा, एकात पांढरा. दोन्हींत पेटी. मग दोन्हींत एकदमच, एका सेकंदाचाही फरक न पडता, मारलं की रे. खाली लिहिलं होतं, हे काका एकाच टायमाला दोन गावात कसे काय? पुढं हसून डोळ्यांतून पाणी आलेली तोंडं. प्रतीक्षानं पुन्हा लावलं. मारलं की रे. पुन्हा. मारलं की रे. "ह्यांना पकडायचंय म्हणे येरमाळ्याला," ती म्हणाली, "पोरं मोबाईल घेऊन पुढं बसणारेत." मग तिनं वर बघितलं. "काय झालं, मॅडम?"

महेश्वरी म्हणाली, काही नाही, पुढचा पेशंट पाठव. पेशंट नव्हताच. ती आत जाऊन दार लावून अंधारात उभी राहिली. माणूस एकदा मरतो ते ठीक आहे. मग त्याचा आवाज राहतो, तेही ठीक आहे. पण आवाजाला लोक हसतात तेव्हा त्याच्या वतीनं लाज कुणी वाटून घ्यायची? ती त्याच्या वाट्याची लाज वाटून घेत उभी राहिली. बाहेर प्रतीक्षाच्या मोबाईलवर तो अजून ओरडत होता.

त्याच आठवड्यात ती गौरीशंकरच्या घरी गेली. सीमेजवळच्या त्या गावात निम्मी माणसं कानडी बोलतात आणि निम्मी त्यांना मराठीत उत्तर देतात. दारात वर्षाराणी होती, गौरीशंकरची मुलगी, पार्टीचा मिक्सर आणि लॅपटॉप तीच सांभाळते. महेश्वरीला बघून तिचा चेहरा पडला. तिला कळलं होतं. कदाचित आधीपासूनच, प्रत्येक मांडवात ही बाई का येते आणि नेमकी कुठं उठून जाते, ते.

"अक्का, या की," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही.

गौरीशंकर पलंगावर बसला होता. झब्ब्याशिवाय तो लहान दिसत होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि पेटीचा सूर मोडल्यावर भाता मारला की जशी नुसती हवा येते तशी हवा आली. त्या हवेत शब्द होते, जवळ गेल्यावर कळणारे. वैनी, बसा. एवढं म्हणायला त्याला श्वास घ्यावा लागला आणि महेश्वरीनं सवयीनं त्याच्या बरगड्यांकडं बघितलं. बाकीचं वर्षाराणीनं सांगितलं, पाण्याचा तांब्या हातात धरूनच. नळी काढल्यावर आवाज आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. ढोलकीवाल्या शिवानंदला, संबळवाल्याला, सगळ्यांना घरं आहेत. जुन्या रेकॉर्डिंगवर तोंड हलवायचं असं ठरलं ते एका जत्रेपुरतं, मग दुसऱ्या. 'माये' लोकांना पाहिजेच. तिची एकच रेकॉर्डिंग बरी निघाली, येरमाळ्याची. आणि तिच्यात भीमाशंकरकाका.

"आधीच काढून टाकता आलं असतं, अक्का. सोलापुरात एकजण आहे, हल्ली आवाजातनं आवाज वेगळा करतात. पर अप्पा काढू देईनात."

महेश्वरीनं गौरीशंकरकडं बघितलं. त्यानं हात छातीवर ठेवला, मग तो हात तोंडाजवळ नेऊन बोटं उघडली. वर्षाराणीनं अर्थ सांगितला, पण महेश्वरीला आधीच कळला होता. पेटीचे फेरे त्या दिवशी त्यानं आपल्या लहरीनं घेतले होते आणि त्याची ती लहर आता त्यालाच आठवत नव्हती. कितीदा ऐकलं तरी चुकायचं. भीमाशंकर ओरडला की मग चूक नाही. त्याच्या ओरडण्यावर तो तोंड उघडायचा. तुमच्या मालकाच्या जिवावर गातोय मी, वैनी, असं काहीसं तो म्हणाला. हवेत. महेश्वरीला वाटलं, ह्याला मारावं. मग वाटलं, ह्याच्या पाया पडावं. दोन्ही न करता ती पाणी प्यायली.

आता काढावंच लागणार होतं. येरमाळ्याला सगळे त्या एका आवाजावर टपून बसणार होते. तो आला की मोबाईल वर करायचे, आरडाओरडा करायचा, असं गावागावांतून ठरलं होतं. आवाज काढला तर ते हात चोळत बसतील, पण मग अप्पांनी तोंड कधी उघडायचं? वर्षाराणीनं हातानं खूण करून बघितली होती, पण येरमाळ्याला लॅपटॉप मांडवाच्या मागं, आणि अप्पांच्या डोळ्यावर दिवे. ती खाली बसली, महेश्वरीच्या पायांजवळ.

"काकांची वेळ जगात कुणाला ठाऊक असंल तर तुमाला. तुमी काकांच्या जागी बसा, पेटीच्या पायाशी. आन् तुमीच म्हणा. जित्तं माणूस म्हणालं तर कुणाची काय छाती हाय बोलायची?"

"मी?"

"एकदाच म्हणायचंय, अक्का. न्हायतर येरमाळ्यालाच आमचं सपलं."

महेश्वरीनं विचारलं, काढलेला आवाज कुठं जाईल? वर्षाराणीला प्रश्न कळला नाही. कुठं जातोय, म्हणाली, पुसायचा. मग तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, तुमाला पाठवते की, मोबाईलवर. महेश्वरी हो म्हणाली. हो कशाला म्हणाली, ते तिनं घरी येताना बसमध्ये बरंच शोधलं. सापडलं ते एवढंच, की त्याच्या जागी बसायला कुणीतरी पहिल्यांदाच तिला सांगितलं होतं. बायकांतून उठून पुढं जा, असं.

आवाज आला. संध्याकाळी, भाकरी थापताना, मोबाईल वाजला. एवढासा तुकडा, वर निळा बाण. तिनं हात धुतले, पुसले, खुर्चीत बसली आणि लावला. मारलं की रे. पुढं काही नाही. मागं काही नाही. गुणगुण नाही, पेटी नाही, हाक नाही. गाण्यातून सोलून काढलेला तो आवाज दादेचा राहिलाच नव्हता. कुणीतरी कुणालातरी धरून मारत होतं आणि माणूस ओरडत होता. तिनं पुन्हा लावला, कदाचित आपलाच कान खराब असेल म्हणून. पुन्हा तेच. अंधाऱ्या खोलीत मार खाणारा माणूस. ह्याच आवाजासाठी आपण एसटी बदलत फिरलो? त्याला आनंद झाला होता की दुखलं होतं? इतकी वर्षं आपण आनंद म्हणून जे ऐकलं, ते... तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

त्यानंतर तिनं तो तुकडा लावला नाही. त्यानंतर ह्या गोष्टीतही तो येणार नाही. जिथं येतो तिथं आता

(                    )

एवढी मोकळी जागा आहे.

येरमाळ्याला ऊन कलताना ती पोचली. लोक चुनखडी वेचून येत होते, पोरांच्या गालावर, बायांच्या लुगड्यांच्या काठावर पांढरं लागलेलं. मांडव मोठा होता. पुढच्या रांगेत पोरं खरोखरच मोबाईल घेऊन बसली होती, आपसांत हसत, एकमेकांना ढोपरं मारत. एकजण काकांची नक्कल करून दाखवत होता आणि बाकीचे त्याला दाबत होते, थांब रे, टायमाला. ती त्यांच्यासमोरून गेली. स्टेजच्या कडेला पेटीच्या पायाशी कुणीतरी पाट ठेवला होता. ती त्याच्यावर बसली. बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली ती तिला पाठीवर कळली. ही कोण? घरातली असंल. घरातली न्हाय, उमरग्याची हाय. इथून सगळं वेगळंच दिसत होतं. गौरीशंकरच्या टाचेला पडलेल्या भेगा, शालीचा उसवलेला काठ, शालीखाली न हलणारा भाता. इथं बसून भीमाशंकर हे सगळं बघत असेल. भात्याचा वारा त्याच्या कानाला लागत असेल. तिच्या कानाला वारा लागत नव्हता.

गौरीशंकरनं दिव्यांच्या उजेडात डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं. पूर्वी तो माइकवर विचारायचा, आमचा दोस्त आला का? आज त्यानं नुसती मान हलवली. तिनंही हलवली. ती घरी सराव करून आली होती. वर्षाराणीनं नवं, पुसलेलं गाणं पाठवलं होतं आणि तिनं स्वयंपाकघरात, मोरीत, दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत, मोबाईल कानाला लावून वेळ पकडली होती. चुकत नव्हती. पेटी फिरते, फिरते, आणि एका फेऱ्याला तिच्या आत काहीतरी उचललं जातं. तिथं. भीमाशंकरला कसं कळायचं ते तिला आता कळलं होतं. ते कानात नव्हतंच, खांद्यात होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती इतकी वर्षं बसली होती.

गवळण झाली. कानडी भजन झालं. सूर्य मांडवाच्या कापडामागं गेला आणि दिवे मंद झाले. गौरीशंकरनं पेटीवर डोकं टेकलं. मागं, लांब, अंधारात, वर्षाराणीनं कुठलंतरी बटण दाबलं असणार.

गुणगुण आली.

आणि महेश्वरीनं ही गुणगुण कधीच ऐकली नव्हती. मोबाईलच्या चिमणीएवढ्या स्पीकरमधून ती आली नव्हती, आणि जुन्या रेकॉर्डिंगवर तिच्याभोवती माणसं होती, खोकणारी, पोरांना गप्प करणारी, खुर्च्या सरकवणारी. सोलापुरातल्या त्या माणसानं भीमाशंकरबरोबर ती सगळी पुसून टाकली होती. आता एकटा आवाज होता. निरोगी, भरलेला, पूर्वीचा, ओठ मिटलेल्या माणसाच्या छातीतून वर येणारा, आणि तो माणूस तिच्यासमोर हातभर अंतरावर होता. ती विसरली. काय विसरली ते नंतर सांगता येईल, त्या क्षणी विसरणं दिसत नसतं. मोबाईल विसरली, पोरं विसरली, पाट, वेळ, ठरलेलं सगळं. हिरव्या बांगड्यांची नवरी सतरंजीवर बसली होती आणि समोर माणूस गात होता. आवाज खाली निघाला, पायरी पायरी, पाण्याकडं जावं तसा. आणखी खाली. तिथं आता उजेड नव्हता. तिच्या पोटात काहीतरी खाली जायला लागलं. आवाज तळाला टेकला आणि फुटला, पडला नाही, नुसता तडा, पूर्ण, स्वच्छ, पहिल्यांदाच तिला अख्खा ऐकू आलेला,

"मारलं की रे!"

तिचा आवाज मांडवभर गेला. तो चांगला आवाज होता. खरा होता. आयुष्यात तिनं पहिल्यांदा दाद दिली आणि ती तिच्या जागेवर दिली.

गौरीशंकरनं डोकं उचललं. तोंड उघडलं, मोठं, लाल, आत जिभेपर्यंत. उजवा हात पेटीवरून सुटून आभाळाकडं गेला.

आणि पेटी वाजत राहिली.

त्या मोठ्या मांडवात फक्त पेटी, तोच तुकडा, गोल गोल. तिच्या पट्ट्यांवर बोट नव्हतं. गौरीशंकरचं तोंड उघडंच होतं. तो लोकांकडं बघत नव्हता, तिच्याकडं बघत होता. आवाज येईल असं त्याला अजून वाटत होतं, कारण खूण मिळाली होती आणि खूण कधी चुकली नव्हती. पहिल्या रांगेत कुणी हसलं नाही. पोरं ज्यासाठी आली होती त्यापेक्षा हे फार जास्त होतं. मग एक मोबाईल वर गेला, मग दुसरा, मग मांडवभर हात. शिवानंदचा हात ढोलकीच्या वर थबकला. महेश्वरीनं श्वास घेतला होता तो तिथंच होता. तिला म्हणायचं होतं, मिटा. तोंड मिटा. ती दिवसभर माणसांना हेच तर सांगते, घ्या, रोखा, सोडा, आणि माणसं तिचं ऐकतात. पेटीचा आणखी एक फेरा. आणखी एक. हात हळूहळू खाली आला, पेटीवर न जाता मांडीवर पडला. ओठ एकमेकांना लागले. भेगाळलेल्या टाचा मांडीखाली ओढल्या गेल्या.

मग तिच्या खांद्यात ते उचललं गेलं. आता. इथं.

(                    )

आणि 'माये' ही हाक आली, मोठ्या स्पीकरमधून, सगळ्यांच्या डोक्यावरून, डोंगरापर्यंत, एकही सूर न हललेली. गौरीशंकरचं तोंड तेव्हा मिटलेलं होतं.